दावा काढला की फेटाळला?

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडं म्हणतात. पण कुणब्याच्या दारात बेलिफच यायचा, तिथं शहाणपण काय करणार? समन्स पोचायचं नाही, पोचलं तर वाचता यायचं नाही, आणि गैरहजेरीत हुकूमनामा होऊन जायचा. 1875 साली सुप्याला सावकारांची खतं जाळली गेली, त्यामागं हीही एक आग होती. मग 1879 मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांचा कायदा आला. गावमुन्सफापुढं वकिलाला मज्जाव झाला. ज्याचं त्यानं सांगायचं. पण कर्जाच्या बऱ्याच दाव्यांत त्याच कायद्यानं अपिलाची वाट बंद केली.

1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत मात्र पक्षकाराला स्वतः उभं राहता येतं, अपिलातसुद्धा. आमचे थोरले चुलते, आप्पा, यांना ते 1973 मध्ये उपयोगी पडलं.

शेजाऱ्यानं बांध रेटत रेटत अकरा गुंठे आत घेतले होते. दावा लावला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. फी थकली, वकिलांनी वकीलपत्र सोडलं. तारखेदिवशी आप्पा दुष्काळी कामावर खडी फोडत होते. कोर्टात पुकारा झाला, प्रतिवादी हजर, वादी नाही. दावा काढून टाकला.

आप्पा तालुक्याला जाऊन म्हणाले, "मला अपील करायचंय." तिथले म्हातारे कारकून म्हणाले, "अहो आप्पा, अपील कशावर करताय? साहेबांनी निकाल दिलाय कुठं? तुम्ही आला नाही म्हणून दावा काढलाय. आधी इथंच अर्ज द्या, तीस दिवसांच्या आत. का आला नाही तेवढं सांगा."

अर्ज दिला, कामावरच्या हजेरीचा दाखला जोडला. 'कारण पुरेसं नाही' म्हणून तोही नामंजूर झाला. या हुकुमावर मात्र जिल्हा कोर्टात अपील चालतं. मुदत पुन्हा तीस दिवस. आप्पांनी त्याच दिवशी नकलेला अर्ज टाकला, कारण नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीत धरत नाहीत.

चौथी शिकलेला माणूस कंदिलाजवळ अपील लिहायला बसला. पहिली तीन पानं बांधाचीच झाली. मग स्वतःच ती बाजूला ठेवली. बांध खरा की खोटा, हा सवाल अजून आलाच नव्हता. शेवटी मुद्दा एकच उरला: हजेरीचा दाखला अर्जाला जोडलेला असताना हुकुमात त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

जिल्ह्याच्या साहेबांनी विचारलं, "वकील कुठं आहेत?"

"मीच हाय, साहेब."

अपील मंजूर झालं, प्रतिवादीचा खर्च भरायच्या अटीवर. घरात आजी म्हणाली, "मिळाला का रं तुकडा?" तुकडा कुठला! दावा पुन्हा पहिल्या जागी उभा राहिला, एवढंच. पुढं साक्षी, मोजणी, तारखा, सगळं व्हायचंच होतं. पण आता म्हणणं ऐकल्याशिवाय कुणी हाकलणार नव्हतं, आणि आप्पांना तेवढ्यावर झोप लागली.

पुढं गावातलं कुणी कोर्टाचा कागद घेऊन आलं, की आप्पा जमिनीचं काही विचारायचे नाहीत. चष्मा लावून म्हणायचे, "काढला का फेटाळला? आन् तारीख कंची पडलीय, ती दाव आधी."