भिंगारला टीव्ही दिसू लागला त्याची गोष्ट

गेल्या वर्षी गच्चीचे वॉटरप्रूफिंग निघाले तेव्हा टाकीमागे पडलेला पंधरा फुटी लोखंडी पाइप कोणाचा, अशी चौकशी कमिटीत झाली. तो माझा. भंगारात का देत नाही, असेही एका सभासदांनी विचारले. तेव्हा 'सांगेन कधीतरी' म्हणून वेळ मारून नेली. आता स्मरणिकेच्या मंडळींनी जुन्या भिंगारबद्दल लिहा म्हणून गळ घातली आहे, तर सांगून टाकतो.

आपली संस्था उभी राहिली त्याच्या आधीच घरोघर केबल आली होती. त्यामुळे कौलावर चढून अँटेना फिरवणारा आणि 'आलं का? आलं का?' ओरडणारा माणूस आपल्या मुलांनी पाहिलेला नाही. भिंगारात असे पुष्कळ होते. मी त्यातलाच एक.

दिल्लीत दूरदर्शनचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झाला. मुंबईला यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच, पण मध्ये सह्याद्री उभा. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगर आला की पलीकडे सावली पडते. म्हणून १९७३ मध्ये पुण्यासाठी सिंहगडावर केंद्र झाले आणि मुंबईचेच कार्यक्रम तिथून पुन्हा सोडले जाऊ लागले. तानाजीचा गड असा आमच्या घरात शिरला. शिरला म्हणजे, उंबऱ्यापर्यंत आला.

याचा हिशेब मी पुढे एका इंजिनिअर मित्राकडून शिकलो. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि चाराने गुणायचे, म्हणजे लहर किती किलोमीटर पोचेल त्याचा अंदाज येतो. सिंहगड सुमारे १३०० मीटर, आपले नगर ६५०. फरक ६५०, वर्गमूळ साडेपंचवीस, म्हणजे १०२ किलोमीटर. आपली अँटेना दहा मीटरवर लावली तर आणखी तेरा. झाले ११५. आणि सिंहगड ते भिंगार सरळ अंतर १३० च्या वर! मधले उंचवटे वेगळेच. थोडक्यात, पासबुकात शिल्लक कमी आणि चेक मोठा. तरीही थंडीत, हवेचे थर जमून आले की लहरी वाकून येत आणि एखाद्या पहाटे-संध्याकाळी पडदा लख्ख दिसे. 'गजरा' अर्धा पाहिला आणि उरलेला मुंग्यांत गेला, असे कितीदा झाले. बूस्टर लावला की मुंग्या मोठ्या होत, एवढेच.

मग १९८२ आले. त्या वर्षी १५ ऑगस्टपासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत चित्र सुरू झाले, नोव्हेंबरात एशियाड झाले. पण खरी गोष्ट घडली ती आकाशात. इन्सॅट-१ए उपग्रह काही महिन्यांतच निकामी झाला होता. ३० ऑगस्ट १९८३ ला अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून इन्सॅट-१बी वर गेला आणि तो टिकला. आता मुंबईपासून डोंगर ओलांडत यायची गरज उरली नाही. गावात एक मोठी तबकडी, एक छोटे यंत्र आणि एक मनोरा असला की झाले. १९८४ मध्ये चार महिने देशात जवळजवळ रोज एक केंद्र सुरू होत होते. एवढ्या घाईत आपल्या सरकारी खात्यात दुसरे काही झालेले मी तरी पाहिले नाही.

आराखडा सोपा होता. लाखावर वस्तीची शहरे आधी. यंत्र १०० वॉटचे, म्हणजे तेव्हा आपल्या ओट्यावर जळणाऱ्या मोठ्या बल्बाएवढे. पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. नकाशावर शहर धरायचे, वर्तुळ काढायचे, आत किती माणसे येतात ते मोजायचे. शेजारच्या केंद्राशी चॅनल भिडणार नाही एवढे पाहायचे. त्या दशकात नगरलाही असे केंद्र मिळाले. भिंगार वर्तुळात होते. आम्हाला छपरावर काही चढवायची गरज उरली नाही, खिडकीत तार टांगली तरी चित्र येई.

पण ते चित्र दिल्लीचे. मुंबईची मराठी या छोट्या केंद्रांवरून यायला पुढे आणखी काही काळ गेला. त्यामुळे कित्येक घरांवर दोन-दोन अँटेना होत्या. एक नगरच्या केंद्राकडे, स्वच्छ हिंदीसाठी, आणि एक नैर्ऋत्येला पुण्याकडे, मुंग्यांतल्या मराठीसाठी. आमच्या आईला दुसरीच आवडे. तोंड दिसले नाही तरी बोलणे कळते, म्हणायची.

आता पाइपाची गोष्ट. आमचे गाव पाथर्डी रस्त्याला, करंजी घाटाच्या पलीकडे. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झाले. वडील एकटे शेतावर राहत. आई तोवर माझ्याकडे भिंगारला आली होती. मी स्टाफ लोन काढले, टीव्ही घेतला, अँटेना, पाइप, चपटी वायर सगळे टेम्पोत घालून गावी नेले. दुकानदार म्हणाला होता, 'येईल की, उंच लावा.' मी पदवीधर, कर्जाचे कागद दहादा तपासणारा माणूस, पण पल्ला किती हे कोणाला विचारले नाही. अख्खी वाडी ओट्यावर जमली. दुपारपर्यंत मी छपरावर. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

वडील म्हणाले, "बाळा, बँकेनं कर्ज दिलं, पन चित्र न्हाई दिलं."

चिडून मी बरेच दिवस बोलत होतो की केंद्र चांदबिबीच्या महालाच्या डोंगरावर का नाही घातले. तीन हजार फूट उंची, भिंगारहून समोर दिसतो. घाटापलीकडे निदान काही गावांना मिळाले असते. त्याच मित्राने शांतपणे उत्तर दिले. वर वीज, पाणी, चोवीस तास माणसे कुठून आणणार? वास्तू संरक्षित, तिथे मनोरा कोण उभारू देईल? आणि १०० वॉटला उंची दिली तरी घाटाच्या सावलीत ते कितपत शिरणार? पटले. दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, रिझर्व्ह बँकेची सेवा क्षेत्र योजना आली. प्रत्येक ग्रामीण शाखेला पंधरा-पंचवीस गावे वाटून दिली. आमच्या शाखेचा नकाशा माझ्याच टेबलावर होता. शिवेवरच्या गावचा शेतकरी कर्जाला आला की मीच त्याला दुसऱ्या शाखेची वाट दाखवत असे. रेषेच्या आतल्या माणसाला रेष दिसत नाही, हे मला तिथे कळले.

वडिलांनी टीव्हीवर धोतराचे धुवट फडके घातले आणि दर रविवारी पहिल्या एसटीने भिंगारला येऊ लागले. साडेनऊच्या आत. स्टँडवरून चालत, पिशवीत कधी गवार, कधी हरभरा. भाग संपला की जेवून परत. एक आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्यात आईला आधी मागची गोष्ट विचारत. ती हिंदी पुरी समजत नसल्याने तिची गोष्ट थोडी वेगळीच असे, आणि ते तिला दुरुस्त करत, स्वतः पाहिलेले नसताना. लंकेचे युद्ध चालू असताना त्यांचा गुडघा गेला. घाटातून एसटीत उभे राहून येणे जमेना. शेवटचे भाग मी शनिवारी गावी जाऊन त्यांना तोंडी सांगितले, म्हणजे आठवड्यापूर्वीचे. १९९० च्या उन्हाळ्यात ते गेले. घरातला टीव्ही तेव्हाही झाकलेलाच होता.

पुढे २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची सरळ उपग्रहावरून छत्रीवर येणारी सेवा सुरू झाली. आज घाटापलीकडे आमच्या वस्तीवर प्रत्येक पत्र्यावर छत्री आहे, मनोऱ्याची गरजच नाही. २०२२ पर्यंत प्रसार भारतीने देशातली बहुतेक सगळी जुनी प्रक्षेपण केंद्रे बंदही करून टाकली. ज्या वर्तुळासाठी मी इतका भांडलो ते आता नकाशावर नाही.

टीव्ही गावीच कोणाला तरी दिला. पाइप मात्र घेऊन आलो, आणि इथे राहायला आल्यावर गच्चीवर चढवला. वॉटरप्रूफिंगनंतर कमिटीने तो टाकीजवळ उभा करून दिला आहे. सध्या त्याला दोन विंगच्या कपड्यांची दोरी बांधलेली आहे. रविवारी जागा मिळत नाही.