कुर्ल्याची पद्मिनी आणि गॅलरीतला शेगडा

आपल्यापैकी जे मुलुंड-घाटकोपरहून जुन्या आग्रा रोडने ये-जा करत वाढले, त्यांना कुर्ल्याचा प्रीमियरचा कारखाना वेगळा सांगायला नको. माझ्याकडे तिथलीच १९७८ सालची पद्मिनी आहे. तिचे काही सुटे भाग मी आता घरी बनवतो. हौस आहेच, पण तिच्यामागे आपल्या उपनगराचा इतिहास आहे, तो इथे नोंदवतो.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. सुरुवातीला कुर्ल्यात क्रायस्लरच्या गाड्या परदेशी भागांतून जोडल्या जात. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने धोरण ठरवले: नुसती जोडणी चालणार नाही, भागही इथेच बनवा. जनरल मोटर्सने शिवडीतला कारखाना गुंडाळला, प्रीमियर टिकली. पुढे फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली आणि तिचा एकेक भाग देशी होत गेला. १९६४ चे ११००-डी मॉडेल १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. ही गाडी आपली झाली ती नुसत्या नावामुळे नव्हे, भागांमुळे.

२००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. तरी काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या, म्हणून सुट्या भागांना गिऱ्हाईक होते. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. गिऱ्हाईकच उरले नाही, तर दुकानदार माल कशाला भरेल?

तेव्हापासून गॅलरीतला शेगडा कामाला लागला. टॅपेट कव्हरचे गॅस्केट मी कॉर्कच्या शीटमधून कापतो. कागदी गॅस्केट करताना कागद त्या भागावरच ठेवून कडेने हलक्या हातोडीने ठोकत जायचे, कडच कागद कापते. गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ; त्याच्या जोडणीतले झिजलेले बुश नायलॉनच्या दांडीतून छोट्या लेथवर काढतो. माप नेहमी न झिजलेल्या जागेचे घ्यायचे, नाहीतर नवा भागही जुन्याइतकाच ढिला होतो. ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग मात्र घरी करत नाही. तिथे जीव टांगणीला असतो.

टेक्निकलच्या तासाला सरांनी आपल्याकडून लोखंडाचा चौकोनी तुकडा कानसून घेतला होता. गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा शेगड्यावर. त्या तासाचे मोल आज कळते.

आता एक विनंती. आपल्यातल्या कित्येकांचे वडील कुर्ला, विक्रोळी, भांडुपच्या कारखान्यांत फिटर, टर्नर, पॅटर्नमेकर होते. प्रीमियरच्या आवारात आता इमारती आहेत. यंत्रे गेली, माणसेही थकली. पण कुणाच्या माळ्यावर मापांची वही, ड्रॉइंग किंवा लाकडी पॅटर्न असेल, तर रद्दीत घालू नका. आणि ज्यांचे वडील अजून सांगू शकतात, त्यांनी ते काम कसे चालायचे हे विचारून लिहून ठेवा. कारखान्याचा इतिहास कंपनीच्या अहवालात सापडेल. हाताचा इतिहास आपल्याच घरांत आहे.