कळफलकाच्या पोटातील इतिहास

इतिहास म्हटला की ताम्रपट, शिलालेख आणि बखरी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु यंत्रांचेही दप्तर असते. ते वाचण्यासाठी मात्र स्क्रू काढावे लागतात. जुन्या बाजारात, भंगाराच्या ढिगात आम्हांस आयबीएम कंपनीचा ‘मॉडेल एम’ जातीचा संगणकाचा कळफलक मिळाला. पाठीवरच्या चिठ्ठीवर १९८९ हे वर्ष होते. दोन किलोंहून जड अशी ही वस्तू आम्ही उलगडली ती एका प्रश्नासाठी: यंत्र स्वस्त करताना त्यातले काय टाकावे आणि काय राखावे?

चार स्क्रू काढताच वरचे झाकण सुटले. प्रत्येक कळीखाली तारेची एक बारीक स्प्रिंग होती. कळ दाबत गेले की ही स्प्रिंग आवळते आणि एका क्षणी कमरेतून एकदम वाकते. त्या झटक्याने तिच्या पायाशी असलेला छोटा हातोडा कलतो. संगणकास अक्षर कळते, आणि बोटाला व कानालाही त्याच क्षणी वर्दी मिळते. ह्या रचनेचे अमेरिकन पेटंट रिचर्ड हंटर हॅरिस ह्यांच्या नावे १९७८ सालचे आहे. शोल्स व त्याच्या सोबत्यांनी १८६८ मध्ये टाइपरायटरचे पेटंट घेतले. त्या यंत्रांत अक्षराचा टोला कागदावर बसे व तो ऐकू येई. संगणकात तो टोलाच उरला नव्हता. त्याची जागा ह्या स्प्रिंगने घेतली.

१९८१ साली आयबीएमच्या पहिल्या पीसीबरोबर ‘मॉडेल एफ’ कळफलक आला. त्याचा सांगाडा दोन पोलादी पत्र्यांत घट्ट धरलेला असे. १९८५ साली निघालेल्या ‘मॉडेल एम’ मध्ये वरचा पत्रा जाऊन प्लॅस्टिकचा साचा आला, आणि तो प्लॅस्टिकच्याच रिव्हेटांनी खालच्या पत्र्यास जोडला गेला. खर्च वाचला. आमच्या कळफलकातून त्याच रिव्हेटांची तुटलेली टोके खळखळत बाहेर पडली; स्प्रिंगा मात्र शाबूत होत्या.

पुढे रबरी टोप्यांचे कळफलक सर्वत्र झाले आणि बहुतेकांतून स्प्रिंग गेली. म्हणजे काटकसर दोन्ही वेळा झाली. पहिल्या वेळी करणाऱ्यांनी बोटाला मिळणारा जबाब तेवढा राखला. तुटलेल्या रिव्हेटांच्या जागी भोके पाडून बारीक बोल्ट घालता येतात आणि कळफलक पुन्हा कामाला लागतो. स्प्रिंगच टाकली असती, तर दुरुस्त करण्याजोगे काय उरले असते?