पहिला कायदा कोल्हापूरचा, मग उपनगरातल्या वाचनालयाचं काय?

आज सुरुवातीलाच एक प्रश्न. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी भारतातला पहिला कायदा कुठं झाला? मुंबई नाही, मद्रास नाही, कलकत्ता तर नाहीच. तो झाला आपल्या कोल्हापूर संस्थानात, 1945 साली. मद्रासचा कायदा 1948 चा. म्हणजे आपण तीन वर्षं पुढं. रंकाळ्यावर भेळ खाताना दोस्तांना विचारून बघा, दहातला एकही सांगणार नाही.

हा कायदा काही आभाळातून पडला नाही. आपल्याकडं वाचनालयाची सवय जुनी. रत्नागिरीत 1828, नगरला 1838, नाशिकला 1840, पुण्यात 1848 आणि कोल्हापुरात 1850. कोल्हापूरच्या वाचनालयाचं पहिलं नाव होतं नेटिव्ह लायब्ररी. आजचं करवीर नगर वाचन मंदिर ते हेच. काळ बघा हं. 1844 ला गडकऱ्यांचं बंड झालेलं, राजे लहान, कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या हातात. अशा वेळी हे वाचनालय उभं राहिलं. तिथं जाणारा माणूस कोण? ज्याला वाचता येतं तो. आणि तेव्हा वाचता येणारे होते किती? मूठभर, तेही ठरावीक घरांतले. ‘सार्वजनिक’ हा शब्द तेव्हा तसा नावापुरताच म्हणायचा.

माझ्या मते खरा बदल वाचनालयात झाला नाही, शाळेत झाला. शाहू महाराजांनी 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचं ठरवलं. त्याआधी 1901 पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं निघत होती. खेड्यातलं पोरगं शहरात येऊन शिकायला लागलं की त्याला पुस्तक लागणार, पेपर लागणार, बसायला जागा लागणार. 1945 च्या कायद्याकडं मी या रांगेतलं पुढचं पाऊल म्हणून बघतो.

पण चारच वर्षांत, 1949 ला, संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि संस्थानाचा वेगळा कारभार संपला. पुढं महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आला 1967 ला. इथंच गोष्ट वळते.

मद्रासच्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय कर होता. कर्नाटकानं 1965 च्या कायद्यात तोच मार्ग धरला. महाराष्ट्रानं कर लावला नाही. आपल्याकडं पद्धत अशी, की लोकांनी संस्था काढायची, नोंदणी करायची, पुस्तकं जमवायची, मग सरकार मान्यता देणार आणि अ, ब, क, ड असा वर्ग बघून अनुदान देणार. त्यामुळं शहर वाढलं की सरकारी ग्रंथालयाची शाखा आपोआप नव्या वस्तीत निघते, असं इथं होत नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयानं मुंबईभर शाखा काढल्या, त्याही संस्थेच्या बळावर.

या पद्धतीत एक चांगली गोष्ट आहे. वाचनालय ‘आमचं’ वाटतं, तालमीसारखं. वर्गणी काढणारे, जयंतीला व्याख्यान ठेवणारे, कपाट दान देणारे लोक त्यातूनच तयार झाले. राजारामपुरी, शाहूपुरीसारख्या जुन्या वाढीव वस्त्यांना अशी माणसं मिळाली. पण आर. के. नगर, पाचगाव, उचगावकडं शहर पसरलं, तिथं शेजारी एकमेकांना नीट ओळखतही नाहीत. संस्था काढणार कोण? महापालिका 1972 ची, हद्दवाढीचा वाद अजून चालूच. त्यात 2012 नंतर बरीच वर्षं नव्या ग्रंथालयांना मान्यता मिळणंच थांबलं होतं. म्हणजे त्या काळात वाढलेल्या कॉलनीतल्या पोरांनी मनावर घेतलं असतं, तरी अनुदान नाही.

आणि मिळत होतं त्यांना किती? ड वर्गाचं अनुदान वर्षाला 30,000 होतं. 60 टक्के वाढ झाल्यावर ते 48,000 झालं. त्यातले निम्मे पगारावर. म्हणजे तेव्हा ग्रंथपालाला महिन्याला 2,000 रुपये. एवढ्यात कुलूप उघडायला तरी रोज कोण येईल? मग संध्याकाळी दोन तास दार उघडतं, पेपर चाळले जातात, आणि एमपीएससीवाली पोरं महिन्याला पैसे भरून खासगी अभ्यासिकेत बसतात.

आता निपाणीकडं बघा. हायवेनं तासाभराचा रस्ता, बोलणं मराठीच. पण तिथं घरपट्टीवर 6 टक्के ग्रंथालय कर आहे. तिथं सगळं छान आहे असं अजिबात नाही. बेंगळुरू महापालिकेनं गोळा केलेला हा कर ग्रंथालय खात्याकडं वेळेवर पोचत नव्हता, ही तक्रार जुनीच आहे. पण पैसे कुठं अडकले हे तिथल्या माणसाला विचारता तरी येतं, कारण ते त्याच्याच पावतीतून गेलेले असतात. आपल्या पावतीत तो रकानाच नाही.

हिशोब सोपा आहे. समजा घरपट्टी 3,000 आहे, तर 6 टक्क्यांनी वर्षाला 180 रुपये. तुमच्या घरातून हे 180 निघाले असते का? घरी विचारा, आईला, आजोबांना. आणि तुमच्या कॉलनीत वाचनालय असेल तर ते किती ते किती उघडं असतं, हे आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये तुमचीच उत्तरं ऐकवू.