मुळ्यांची रात्र

परवा भाचीचं केळवण झालं. पानं मांडून झाली, रांगोळीही झाली, आणि मी ओट्याशी उभी राहून मुळ्याची फुलं करत होते. "मावशी, हे कोण खाणारे?" उत्सवमूर्तीनेच विचारलं. उत्तर काही सुचलं नाही. आईनेही ही फुलं कधी खाण्यासाठी केली नव्हती. मुळ्याला उभ्या चिरा द्यायच्या आणि तो माठातल्या गार पाण्यात सोडायचा. गर पाणी पिऊन फुगतो, साल तेवढी फुगत नाही, म्हणून पाकळ्या आपोआप बाहेर वळतात. आईला यातलं शास्त्र माहीत नव्हतं, पण किती वेळ ठेवायचा ते पक्कं माहीत होतं.

असो. सांगायचं होतं ते मेक्सिकोतल्या ओआहाका शहराबद्दल. तिथे दरवर्षी २३ डिसेंबरला मुख्य चौकात 'मुळ्यांची रात्र' साजरी होते. मुळा काही मूळचा तिथला नाही, तो १६व्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आला. नाताळच्या आधीच्या बाजारात खारवलेले मासे आणि भाजी विकायला येई. तिथले भाजीवाले गिऱ्हाइकाची नजर खेचायला मुळ्यांवर कोरीव काम करू लागले. बायका ते मुळे नाताळच्या जेवणाच्या टेबलावर मधोमध मांडायला घरी नेत. म्हणजे मुळात हा पंगतीचाच थाट! १८९७ मध्ये नगराध्यक्ष फ्रान्सिस्को वास्कोन्सेलोस यांनी त्याची रीतसर स्पर्धा भरवली, ती आजही भरते.

स्पर्धेचे मुळे मात्र आपल्या कोशिंबिरीतले नव्हेत. मुद्दाम जास्त दिवस जमिनीत ठेवलेले, वेडेवाकडे, अर्ध्या मीटरपर्यंत लांब आणि कधी ३ किलोपर्यंत वजनाचे. वरून लाल, आतून पांढरे. त्यामुळे साल ठेवली की झगा, सोलली की चेहरा! त्यातून येशूजन्माचे देखावे होतात, नाचणाऱ्या बायका होतात. खायच्या कामाचे ते नाहीतच. शिवाय कोरल्यावर काही तासांत सुकायला लागतात, सारखं पाणी शिंपडत राहावं लागतं. तरी लोक ते बघायला लांबच लांब रांगा लावतात.

मला यात एक गोष्ट खटकते. या कथेत नाव येतं ते नगराध्यक्षांचं. मुळ्यावर पहिल्यांदा सुरी फिरवणारा कोण, आणि तो मुळा जेवणाच्या टेबलावर पहिल्यांदा मांडणारी कोण? आमच्याकडे तरी वेगळं काय आहे? घरातल्या कार्यांच्या अल्बममध्ये जेवणारे पाहुणे आहेत, आग्रह करणारे काका आहेत, जिलब्यांचं ताटसुद्धा आहे. आईने पहाटे उठून केलेल्या फुलांचा एक फोटो नाही. त्या पंगतींतला आईचाही नाही म्हणा, ती आत असायची.

मग भाचीच्याच हातात सुरी दिली. पहिल्या दोन फुलांच्या पाकळ्या तुटल्या, ती आम्ही गुपचूप कोशिंबिरीत ढकलली. तिसरं छान उमललं. मंडळी हात धुवायला उठली तोवर ते पानाच्या कडेला मलूल होऊन पडलं होतं. फोटो मात्र मी आधीच काढून ठेवला होता, तिच्या हातांसकट.