भोकरदनचा हिशेब

रोमन अंकांची बेरीज करणारी संगणक-आज्ञावली वस्तुतः रोमन अंकांत गणित करीतच नाही. ती त्या अंकांचे स्थानमूल्याच्या संख्येत रूपांतर करते आणि आलेले उत्तर पुन्हा रोमन चिन्हांत मांडते. हा वळसा जुनाच आहे. रोमन व्यापारी अंक लिहीत, आकडेमोड मात्र फळ्यावरील खड्यांनी करीत.

त्या व्यापाराचे धागे जालना जिल्ह्यापर्यंत पोचतात. इ.स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी साम्य असणारी मूर्ती भोकरदनच्या उत्खननात मिळाली. सातवाहनांच्या नाणेघाट लेखातील गोदानाच्या संख्यांतही शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत; शून्य नाही.

म्हणजे दोन्हीकडे अंक ही मुख्यतः नोंदीची लिपी होती. ‘अंक म्हणजेच गणित’ ही आपली समजूत स्थानमूल्यानंतरची आहे.