धोतरा आणि त्रिचक्री औषधे : मात्राविवेकाचा एक इतिहास

इ. स. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यास आला. पुढे त्याला मुंबई बेट खंडाने मिळाले; हे बेट त्या काळी वसईच्या अंमलाखाली मोडत असे. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या संवादात्मक ग्रंथात त्याने धोतऱ्याच्या विषबाधेचे वर्णन केले आहे. घरच्याच दासीने मालकिणीस धोतरा चारून दागिने लांबविल्याची हकीकत तेथे येते. विष चढलेला मनुष्य विनाकारण हसतो, विचारल्यास धड उत्तर देत नाही, आणि डोळ्यांदेखत चोरी होत असता स्वस्थ बसतो. विषाद घालविणाऱ्या आधुनिक औषधांचा सुरक्षित वापर समजून घेण्यास ही नोंद उपयोगी पडते, हे येथे दाखवावयाचे आहे.

धोतऱ्यातील हायोसायमीन, स्कोपोलामीन ही द्रव्ये शरीरातील ॲसिटिलकोलीनचे कार्य रोखतात. त्यामुळे तोंड कोरडे पडते, बाहुली विस्फारते, जवळचे अंधुक दिसते, लघवी अडते, नाडी जलद चालते आणि शेवटी बुद्धिभ्रंश होतो. आयुर्वेदाने धोतऱ्याची गणना उपविषांत केली व शोधनावाचून तो वापरू नये असे सांगितले. औषध आणि विष यांतील अंतर मात्रेचे आहे, हे तत्त्व आपल्याकडे जुनेच होय.

आता विसाव्या शतकाकडे वळू. स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगन येथील मनोरुग्णालयात रोलंड कून यांनी गायगी कंपनीचे एक नवे द्रव्य प्रथम छिन्नमनस्कतेच्या रुग्णांना देऊन पाहिले. तेथे ते निरुपयोगी ठरले. परंतु १९५६ मध्ये विषादग्रस्तांना देताच त्यांच्यात सुधारणा दिसली. १९५७ मध्ये कून यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हेच इमिप्रामीन. रेणूतील तीन चक्रांमुळे या वर्गास त्रिचक्री म्हणतात; ॲमिट्रिप्टिलीन हे त्यांतील दुसरे प्रसिद्ध औषध. धोतऱ्याशी त्यांचे कुळ जुळत नाही. पण ॲसिटिलकोलीनला अडविण्याचा गुण दोहोंत आहे. म्हणून ओर्ताच्या काळी विषबाधेची म्हणून ओळखलेली काही लक्षणे येथे सौम्य रूपात, योग्य मात्रेतही, भेटतात.

या साम्यातून सावधगिरीचे बहुतेक नियम सहज उलगडतात. काचबिंदूचा धोका असलेले, प्रोस्टेट ग्रंथी वाढलेले आणि वृद्ध रुग्ण यांच्याबाबत विशेष जपावे लागते. सर्दीच्या काही गोळ्याही हाच परिणाम करतात, मद्याने गुंगी वाढते. म्हणून घेत असलेले प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगावे. मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधकांच्या जोडीने ही औषधे घेणे घातक ठरू शकते. ॲमिट्रिप्टिलीन आज मज्जातंतूंच्या वेदनेवर व अर्धशिशी टाळण्यासाठीही देतात. तेथेही हेच नियम लागू. त्रास पहिल्या दिवसांत जाणवतो, विषादावरील गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी. एवढे आधी न सांगितल्यास रुग्ण मध्येच औषध सोडतो. ते अकस्मात थांबविणेही अयोग्य.

परंतु धोतऱ्याशी असलेले साम्य येथेच संपते, आणि खरा धोका पुढे आहे. ही औषधे हृदयातील विद्युत्‌प्रवाहाचे वहन मंदावतात. मात्रा ओलांडली तर प्रारंभी शुद्धीवर असलेला रुग्ण थोड्याच वेळात झटके येऊन व हृदयाची लय बिघडून दगावू शकतो. ज्याला जगणे नकोसे झाले आहे, त्याच्याच हाती आपण हे औषध देतो, ही या उपचारातील विसंगती होय. म्हणून अशा रुग्णास एका वेळी थोड्याच गोळ्या द्याव्यात, त्या घरातील जबाबदार व्यक्तीने सांभाळाव्यात, मुलांपासून दूर ठेवाव्यात, आणि विशेषतः तरुण रुग्णांच्या मनात आत्मघाताचे विचार वाढत नाहीत ना, हे आरंभीच्या आठवड्यांत पाहावे.

ओर्ता धोतऱ्याच्या विषावर वमन देत असे. येथे ते करू नये. ओकारी काढण्यात वेळ न दवडता, लक्षणे दिसोत वा न दिसोत, रुग्णालय गाठावे. तेथे हृदयाचा आलेख पाहून सोडियम बायकार्बोनेट शिरेतून देता येते.

चार शतकांत उपाय बदलले. रुग्णाकडे बारकाईने पाहण्याची ओर्ताची शिस्त मात्र आजच्या वैद्यासही तितकीच आवश्यक आहे.